तिसऱ्या मशीनखालचा बीम

कापसाच्या गाड्या माझ्या जिनिंगच्या फाटकाशी रांग लावू लागल्या की माझं डोकं तापायला लागतं. दिवाळी उरकलेली असते, शेतातली पऱ्हाटी बोंडं फुटून पांढरी झालेली असते, सकाळच्या थंडीत ट्रॅक्टरवाले अंगावर पोती घेऊन बसलेले असतात. लोकांना हे दिवस गोड वाटतात. मी दुपारची वाट बघत असतो. जेवणाची सुट्टी झाली की कोरपन्याकडच्या चुनखडीच्या खाणीत सुरुंग उडतात. आधी भोंगा वाजतो. मग पायाखालून काहीतरी धावत जातं, जमिनीच्या आत बैल उधळल्यासारखं. आवाज त्यानंतर येतो. नवा माणूस आवाजाला दचकतो. आम्ही त्याच्या आधीच दचकून मोकळे झालेलो असतो. फळीवरची ताटं खाली येतात, गाई दावं तोडतात, पाळण्यातली पोरं किंचाळत उठतात. मग धूळ येते आणि सगळं पुन्हा सुरू होतं, जणू कोणी कोणाला मारलंच नाही.

जिनिंग हा तरी कुठे शांत धंदा आहे? चामड्याचा रूळ रुई धरून ओढतो, लोखंडी पातं सरकीला ठोसे मारत राहतं. एक खेचतो, एक ढकलतो, आणि जन्मापासून एकमेकांना चिकटलेले दोघे वेगळे होतात. अशी मशीनं एका रांगेत वरच्या स्लॅबवर बसवलेली होती. बाया वर उभ्या राहून कापूस घालायच्या, रुई खाली पडायची. दिवसभर सगळा स्लॅब तापात असलेल्या माणसासारखा कापत असायचा. त्या कापण्याची इतकी सवय होती की सुट्टीच्या दिवशी स्थिर जमिनीवर उभं राहिलं की पाय चुकल्यासारखे वाटायचे.

मी कापूस घेत घेत मोठा झालो. सायकलला तराजू बांधून गावोगाव फिरलो, वरोऱ्याच्या बाजारात मोठ्या व्यापाऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याच शिव्या पुढे त्यांना परत दिल्या. घासाघीस मला कोणी शिकवली नाही. समोरचा किती भाव सांगतो याकडे मी कधीच बघितलं नाही. भाव कसा उतरतो ते बघायचं. आधी भराभर उतरतो, मग सावकाश, आणि एका जागी त्याची उतरायची चाल अडखळते. बोलणं तसंच चालू असतं, हसणं तसंच असतं, चहाही येतो. पण त्या अडखळण्याच्या जागेखाली त्या माणसाचं खरं दुखणं असतं. तिथं बोट ठेवलं की तो माणूस तुमचा.

रागाचंही तेच असावं. आमची सौभाग्यवती म्हणते, तुमच्या रागाचं भेव नाई वाटत मले, तो ज्या झपाट्यानं येते त्याचं वाटते.

माझ्यावर बोट ठेवणारी एकच बाई त्या जिनिंगमध्ये होती. सिंधुबाई. वरच्या बायांची मुकादम, उंच, सुकलेली, कपाळावर गोंदण. एका वर्षी ती सगळ्या बायांना घेऊन खाली उतरली आणि कापसाच्या ढिगावर बसली. म्हणाली, "प्यायले पाणी वरत पायजे. घोटभर पाण्यासाठी जिना उतरा अन् चढा, वरून तुमी म्हणता बाया टाइमपास करते."

मी म्हणालो, "वर मशीनी आहेत. पाण्याचं काम नाही तिथं."

"मंग मशीनीलेच सांगा कापूस घालाले."

मी दिवसभर ताणलं. मशीनी बंद, फाटकावर बोंबाबोंब. संध्याकाळी मीच रांजण आणून वर ठेवला, तिसऱ्या मशीनच्या बाजूला, भिंतीच्या सावलीत. इतक्या जणांशी भाव केला, पण असा हरलो नव्हतो. त्या दिवसापासून मी तिला मानतो. आमच्याकडच्या बहुतेक जिनिंगांमध्ये असा रांजण असतो. रांजण पाझरतो म्हणूनच पाणी गार राहतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पाझरलेलं पाणी कुठे जातं, हे मात्र कोणीच विचारत नाही. बुडाशी गोणपाट टाकलं की झालं.

आता खाणीचं. दाराजवळ, तो स्लॅब पेलणाऱ्या बीमच्या टोकाला एक भेग होती. तिरपी, हाताएवढी लांब, वर्षानुवर्षं रुंद होत गेलेली. ती माझी भेग. खाणीचे जे जे साहेब आले त्यांना मी आधी तिच्यासमोर उभं केलं. गवंड्याकडून तिच्यावर काचेची पट्टी चिकटवून घेतली. भेग सरकली तर काच तडकते. काच तडकली. मी ती तडकलेली काच साहेबापुढे धरली. साहेब म्हणाला, तुमच्या मशीनी दिवसभर हलतात, आमचा सुरुंग काही सेकंदांचा. त्यांच्याकडे हादऱ्याचं मोजमाप होतं, ते मर्यादेत होतं. नेहमी मर्यादेतच असायचं. मी विचारलं, मर्यादा कोणी ठरवली, तुमच्या घरी पाळणा आहे का? तो हसला. त्याचं ते हसू मला आजही झोंबतं. माणूस शिवी देतो तेव्हा निदान तुम्हाला मोजतो तरी. हसतो तेव्हा मोजतही नाही.

ज्या कापसाच्या दिवसांबद्दल मी लिहितो आहे, ते याच रागात सुरू झाले. रस्त्याच्या कडेला एक पोरगी उकिडवी बसून खुरप्यानं माती उकरताना दिसली. शेजारी वायरी आणि एक डबा. मी गाडी थांबवली.

"काऊन खोदून राह्यली इथी? खाणीची होय का?"

"कॉलेजची होय," तिनं मान वर न करता सांगितलं. "हादरे मोजून राह्यली."

"कॉलेजचं पोट कोण भरते मंग? खाणच ना?"

आता तिनं वर पाहिलं. "माझं पोट आरमोरीचं धान भरते, भाऊ. तुमचं कोण भरते ते तुमी पाहा. अन् गाडी बंद करा, माझं मोजमाप खराब होऊन राह्यलं."

मी गाडी बंद केली. तिचं नाव मयुरी. नागपूरला इमारतींच्या हादऱ्यांवर डॉक्टरेट करत होती. तिथंच, रस्त्यावर उभ्या उभ्या, मी तिला माझ्या जिनिंगसाठी पटवायला लागलो. बीम मोज आणि खाणीनं फोडला असं लिहून दे. ती म्हणाली, मोजीन, पण निघेल तेच लिहीन. मी म्हणालो, निदान खाणीनं फोडला असू शकतो, एवढं तरी. ती म्हणाली, भाऊ, हा बाजार नाई. माझा चेहरा तापला. पण तिला घेऊनच परत आलो.

तिनं बीमच्या पोटाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सुपारीच्या डबीएवढी यंत्रं मेणानं चिकटवली. रबरी हातोड्यानं बीमला ठोके दिले. मग लॅपटॉपवर एक रेष काढून दाखवली. कुठली जागा किती हलते याची रेष. झोक्याच्या दोरीसारखी गोल, गुळगुळीत. मी म्हणालो, बीम तर छान आहे.

"पयली रेष गोडच बोलते," ती म्हणाली. "मोडलेली जागा फार जास्त हलत नाई. ती फक्त वाकते वेगळी." मग तिनं त्या रेषेचा जागोजागचा उतार काढला. गुळगुळीत. उतार कसा बदलतो ते काढलं, म्हणजे बाक. मध्येच एक बारीकसा उंचवटा, न सांगितला तर दिसू नये असा. मग बाक कसा बदलतो, आणि त्या बदलाचा बदल. शेवटच्या रेषेत एक सुळका उभा होता. गायीच्या शिंगासारखा.

मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. मी आयुष्यभर हेच करत आलो होतो. भाव नाही, भावाची चाल. चालही नाही, ती अडखळते ती जागा.

पण सुळका माझ्या भेगेवर नव्हता. भेगेपाशी रेष झोपलेली होती. सुळका तिसऱ्या मशीनखाली होता, जिथं दसऱ्याचा चुना अजून पांढराशुभ्र होता आणि ओरखडासुद्धा नव्हता. मी म्हणालो, तुझं यंत्र खोटं आहे. ती रागावली नाही. म्हणाली, तसं असू शकते. आणि तिनं मला जे सांगितलं ते मी विसरलो नाही. रेषेतून रेष काढत प्रत्येक पायरी खाली उतरताना खरं मोठं होतं तसं खोटंही मोठं होतं. दूरच्या ट्रॅक्टरची थरथर, वायरीचा गोंधळ, वारा, सगळ्याला शिंगं फुटतात. म्हणून सगळं शांत असताना पुन्हा पुन्हा मोजावं लागतं. खोटं जागा बदलतं. खरं तिथंच उभं राहतं.

"किती शांत?" मी विचारलं.

"मशीनी बंद. फाटकावरचे ट्रॅक्टर बंद. आवारात कोणी धावायचं नाई."

ऐन हंगामात. रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. मी फाटक लावून घेतलं आणि बाहेर ओरडून सांगितलं की सगळी इंजिनं बंद करा. एकानं केलं, दुसऱ्यानं मुद्दाम रेस दिली. तिसरा म्हणाला, "भाऊ, आमचा कापूस उनात हलका होऊन राह्यला, अन् तुमी बीमले कान लावून बसले का?" मी त्याच्या ट्रॅक्टरवर चढून चावी उपटली. त्यानं मला खाली खेचलं. आम्ही दोघं धुळीत पडलो, माझ्या सदऱ्याची बाही फाटली, कोणीतरी मारलेला दगड फाटकाच्या पत्र्यावर आदळला. मी उठलो, चावी मुठीत धरून फाटकाला पाठ लावली आणि म्हणालो, आता ज्याला यायचं त्यानं या. कोणी आलं नाही. एकेक इंजिन बंद होत गेलं.

ती शांतता मी कधी ऐकली नव्हती. इतक्या वर्षांच्या जिनिंगमध्ये पहिल्यांदा चिमण्या ऐकू आल्या. वर स्लॅबवर रुईचे तंतू तरंगत होते. आत रबरी हातोड्याचे ठोके पडत होते, डॉक्टर पाठीवर बोटं वाजवून बघतो तसे. बाहेर सगळे माझा तिरस्कार करत उभे होते आणि कापसाचा वास येत होता, उन्हात तापलेल्या कापसाचा, थोडा गोडसर, थोडा तेलकट. मला तो वास आजही कुठे आला की मुठीत चावी असल्यासारखं वाटतं.

मयुरी बाहेर आली. बारीकसारीक शिंगं दर वेळी हललेली, सुळका मात्र तिसऱ्या मशीनखाली होता तिथंच. ती म्हणाली, "वरच्या बाया उतरवा भाऊ. आत्ताच."

मी उतरवल्या. वर कोणी नाही, खाली कोणी नाही. बायांना आवारातल्या कडुनिंबाखाली कापसातला काडीकचरा निवडायला बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीच्या त्याच हसऱ्या साहेबाला बोलावलं. आला. रेषा बघितल्या, मान डोलावली, मग तिसऱ्या मशीनखाली जाऊन त्या पांढऱ्या चुन्यावरून तळहात फिरवला, घोड्याच्या मानेवरून फिरवतात तसा. "इथं तर काहीच नाही," तो म्हणाला. "लॅपटॉपमध्ये काय, काहीही दिसतं." आणि हसला.

कोपऱ्यात घण होता. मला वाटतं मी विचार केलाच नाही. मयुरी मागून ओरडली, "भाऊ, मारू नका, तसंच ठेवा, फोटो काढू द्या." पहिल्या घावाला चुना उडाला, दुसऱ्याला गिलावा, तिसऱ्याला काँक्रीटचा पोपडा निघून माझ्या पायाशी पडला. आत सळ्या होत्या असं म्हणायचं. लाल भुगा होता, बोटानं चुरावा असा. एक सळी पूर्ण तुटलेली, तिची दोन टोकं एकमेकांकडे बघत होती. मी साहेबाकडे वळलो. आता हस.

तो हसला नाही. त्यानं वाकून आतली ओल बघितली. मग वर बघितलं, सरळ वर, स्लॅबच्या पोटावरच्या काळसर डागाकडे. "वर काय ठेवलंय?" त्यानं विचारलं.

दारात सिंधुबाई उभी होती. कोणी काही बोलायच्या आधी तिचा चेहरा उतरला. ती अडाणी असेल, पण वर काय आहे हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

"पाणी मुरलंय," साहेब म्हणाला. "तुमचंच पाणी. यात खाण कुठे आली?"

मी म्हणालो, "गंज पाण्याचा असेल. गंजलेल्या सळीला रोज दुपारी लाथ कोण घालतं?" तो मयुरीकडे वळला. तिला विचारलं, तुमचं यंत्र काय म्हणतं, कोणी मोडलं? मी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कोणी असती तर खोटं बोलली असती. ती म्हणाली, "कुठी मोडलं ते सांगते. कोणी मोडलं ते नाई सांगत."

हे वाक्य मी गेली काही वर्षं चघळत बसलो आहे. नवं जिनिंग उभं केलं, सगळी मशीनं जमिनीवर, वरचा मजलाच नाही. खाण तिथंच आहे. साहेब बदलले, मोजमाप मर्यादेत आहे. खाणीवरचा माझा दावा कोर्टात पडून आहे. मला कधी वाटतं, नवऱ्या-बायकोत, भावाभावांत, गावागावांत जिथं जिथं मोडलं आहे ती जागा शोधणं एवढंही अवघड नाही. अवघड असतो तो पुढचा प्रश्न, आणि आपण भांडतो त्या पुढच्या प्रश्नासाठी. मोडलेली जागा तशीच राहते, वर माणसं चालत असतात. मी शहाणपण सांगत नाही. मी त्या साहेबाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. लाथ ती लाथच.

घण घातला त्या दिवशी साहेब गेला आणि बायांनी भाकरी खाल्ल्या. मी फाटकावर ट्रॅक्टर दुसऱ्या जिनिंगकडे वळवत होतो, शिव्या देत आणि घेत. वळून बघतो तर सिंधुबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर. मी धावलो.

"कुठी चालली?"

"रांजण उतरवाले. म्या मांगला होता, मीच आणीन खाली."

"राहू दे तो तिथं."

"भरला हाय तो. वजन हाय. तुमाले त्या साहेबानं माह्या रांजणावरून बोल लावला."

"वर पाय ठेवला तर तंगडी तोडीन."

"तोडा."

तिनं दुसऱ्या पायरीवर पाय ठेवला. मी तिचा दंड धरला आणि ओढलं. ती पडता पडता भिंतीला लागली, कोपर खरचटलं. सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत मी कोणा बाईच्या अंगाला हात लावला नव्हता. सिंधुबाईनं माझ्याकडे बघितलं, आणि असं बघितलं की साहेबाचं हसू त्यापुढे प्रसाद वाटावा. मग पदर झटकून ती कडुनिंबाकडे चालू लागली. मी जिन्याच्या तोंडाशी आडवा उभा राहिलो. भोंगा वाजला.

आधी हादरा आला. नेहमीचाच, मर्यादेतला. मग मागून एक आवाज, फांदी मोडल्यासारखा, मोठाही नाही. मी पुढे उडी मारली एवढंच आठवतं. तिसरं मशीन स्लॅब घेऊन खाली गेलं, त्याच्यामागे चौथं. पत्रे फाटले. पाठीवर वाळू आणि खापऱ्या आदळल्या. खाली साठलेली सगळी रुई त्या दणक्यानं दारा-खिडक्यांतून बाहेर फेकली गेली आणि आवारभर पसरली. त्या पांढऱ्यात कोणी कोणाला दिसत नव्हतं. फक्त बाया एकमेकींची नावं घेऊन हाका मारताना ऐकू येत होत्या, आणि प्रत्येक हाकेला कुठून तरी ओ येत होती.

तलाठी आला तेव्हा साहेबही आला. ढिगाऱ्याभोवती एक चक्कर मारून तो तलाठ्याला म्हणाला, "सकाळी यांनी स्वतः बीमवर घण घातलाय. माझ्यासमोर." खरंच होतं. मयुरीचे सकाळचे फोटो घणानंतरचे होते, आणि तुटलेली सळी आता मशीनखाली होती. मी त्याची कॉलर धरली. दोन्ही हातांनी. त्याचा चष्मा खाली पडला, त्याच्या पायाखालीच फुटला, आणि माझी मूठ मागे गेली.

मनगट कोणीतरी धरलं. कोपर खरचटलेला हात होता.

"सोडा त्याले, भाऊ," सिंधुबाई म्हणाली. "आमी जित्या हाओ. जेलात जाऊन कोनाले सांगान?"

मी सोडलं. तलाठी घाबरून बाजूला झाला होता, तो पुन्हा पुढे आला आणि दगडावर बसून पंचनामा लिहू लागला. मी त्याच्या प्रत्येक ओळीशी भांडलो. कारण लिहू लागला तर भांडलो, घण लिहू लागला तर भांडलो, सुरुंगाची वेळ लिहायला लावण्यासाठी भांडलो. तो घामाघूम झाला. शेवटी त्यानं मान वर न करता विचारलं, "माणसं किती गेली?"

"एक बी नाई," सिंधुबाईनं सांगितलं.

"मग जीवितहानी निरंक," तो स्वतःशी बोलत लिहिता झाला, आणि त्या एका शब्दावर मी घासाघीस केली नाही.